तुंबडी, मेणबत्ती आणि ‘अशुद्ध रक्त’

सोलापुरात यंत्रमागावर दिवसभर उभा राहणारा कामगार आणि सूप मांडीवर घेऊन विड्या वळणारी बाई, या दोघांनाही पाठदुखी-मानदुखी सुटत नाही. अशा वेळी कोणीतरी तुंबडी लावून घेण्याचा सल्ला देते. तिचीच नवी नावे ‘हिजामा’ आणि ‘कपिंग’. उपाय जुना आहे. सुश्रुतसंहितेत रक्त काढण्यासाठी शिंग, जळू आणि अलाबू म्हणजे भोपळा सांगितला आहे. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये जलतरणपटू मायकेल फेल्प्सच्या अंगावरील गोल डाग साऱ्या जगाने पाहिले. परंतु जुनेपणा आणि प्रसिद्धी म्हणजे पुरावा नव्हे.

तुंबडी अशुद्ध रक्त ओढून घेते, असा दावा केला जातो. त्यातील ‘ओढ’ खरी आहे. ज्योतीने पेल्यातील हवा तापून प्रसरण पावते व काही बाहेर जाते. पेला कातडीवर टेकला की ज्योत विझते, हवा थंड होते आणि आतला दाब घटतो. ५ सें.मी. व्यासाच्या पेल्याचे तोंड सुमारे २० चौ. सें.मी. असते. दाब एक-पंचमांशाने घटला, तरी सुमारे ४ किलोग्रॅम वजनाइतके बल मिळते. कातडी वर उचलली जाते, केशवाहिन्या फुटतात आणि रक्त कातडीखाली झिरपते. डाग तो हाच. पेला तोंडाला लावून हवा ओढणाऱ्या निरोगी मुलाच्या ओठांभोवतीही तो उमटतो.

‘अशुद्ध रक्त’ मात्र कल्पना आहे. शरीरातील सुमारे ५ लिटर रक्त साधारण मिनिटभरात एक फेरी पूर्ण करते. मग पाठीतच वाईट रक्त साठून कसे राहील? रक्तातील टाकाऊ द्रव्यांची विल्हेवाट यकृत आणि मूत्रपिंडे लावतात.

तरीही अनेकांना बरे वाटते, ते का? पाठदुखी बहुधा काही आठवड्यांत आपोआप कमी होते, आणि माणूस उपाय शोधतो तो दुखणे शिगेला पोहोचल्यावर. म्हणून तुलना हवी. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन चाचणीत सर्वांगदुखीच्या १४१ रुग्णांपैकी काहींना खरे पेले लावले, तर काहींना दाब टिकू न देणारे नकली. नुसत्या नेहमीच्या उपचारांपेक्षा पेल्यांनी दुखणे कमी झाले. पण खऱ्या आणि नकली पेल्यांत फरक आढळला नाही.

चीर देऊन रक्त काढताना निर्जंतुक न केलेले पाते वापरले, तर कावीळ-ब किंवा एचआयव्हीची लागण होऊ शकते. पाठदुखीबरोबर पायात बधिरपणा, ताप किंवा लघवीवरचा ताबा सुटणे अशी लक्षणे असतील, तर तुंबडीत गेलेले दिवस महागात पडतात. रोजंदारीवर जगणाऱ्याने निदान विचारावे, इथे तुंबडी भरते ती कोणाची?

हा प्रश्न वर्गातही आणता येईल. ताटलीतील पाण्यात जळती मेणबत्ती ठेवून तिच्यावर पेला पालथा घातला की पाणी वर चढते. ‘एक-पंचमांश ऑक्सिजन संपला’ हे त्याचे स्पष्टीकरण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. तसे असते तर मेणबत्ती जळत असतानाच पाणी सतत चढले असते. प्रत्यक्षात ते मुख्यतः ज्योत विझताना आणि विझल्यावर चढते. एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावा. ऑक्सिजन तेवढाच, पण पाणी अधिक वर जाते. कारण तापलेली हवा थंड होणे, म्हणजे तुंबडीतलेच. विद्यार्थ्यांनी आधी हे स्पष्टीकरण तपासावे. शाळेत शिकवलेली गोष्टही तपासता येते हे कळले, की घरात आणि गल्लीत सांगितलेली गोष्ट तपासायला ते कचरणार नाहीत.