मतदान वाढलं, पण कुणाचं?

निवडणूक आली की आमच्या कॅम्प ४ मध्ये चहाच्या टपरीवर एक सिद्धान्त फुकट मिळतो : 'कलानी रिंगणात असले की लोक घराबाहेर पडतात. अर्धे निवडून आणायला, अर्धे पाडायला.' ऐकायला पटतं. पीएच.डी.च्या पहिल्या प्रस्तावात मी हेच जड भाषेत लिहिलं होतं. गाइडनी समासात दोनच शब्द लिहिले : 'मतदान कुणाचं?' तुम्ही विषयाच्या शोधात असाल, तर हा प्रश्न आधीच वहीत लिहून ठेवा.

या प्रश्नाचं चांगलं उत्तर देणारा एक निबंध आहे. अँड्र्यू हॉल आणि डॅनियल थॉम्पसन यांचा, २०१८ साली 'अमेरिकन पॉलिटिकल सायन्स रिव्ह्यू'मध्ये आलेला. तिथे पक्षाचा उमेदवार प्रायमरीत, म्हणजे पक्षांतर्गत निवडणुकीत ठरतो. जिथे टोकाचा उमेदवार अगदी थोडक्यात जिंकला आणि जिथे थोडक्यात हरला, अशा जागांची त्यांनी तुलना केली. इतकी चुरस असली की निकाल जवळजवळ नाणेफेकीसारखा होतो, त्यामुळे पुढचा फरक उमेदवारामुळेच पडला असं म्हणता येतं. निष्कर्ष टपरीच्या उलट निघाला : टोकाचा उमेदवार दिला की एकूण मतदारांत स्वतःच्या पक्षाच्या मतदारांचा वाटा घटतो. म्हणजे 'पाडायला' येणारेच भारी पडतात.

या निबंधाचं बळ एकूण टक्केवारीत नाही. आलेल्यांमध्ये कोण किती, हे त्यांनी मोजलं, म्हणून तो वाचायचा. टक्केवारी तीच राहूनही आतली माणसं बदललेली असू शकतात.

आता मर्यादा. पहिली : हा अभ्यास प्रतिनिधिगृहाच्या उमेदवारांचा आहे, अध्यक्षपदाच्या नाही. 'वरचा चेहरा टोकाचा, म्हणून खालच्या जागा गेल्या' असं त्यातून थेट काढता येत नाही. १९६४ मध्ये गोल्डवॉटर दणकून हरले आणि डेमोक्रॅट्सनी प्रतिनिधिगृहात ४३५ पैकी २९५ जागा घेतल्या. पण १९७२ मध्ये मॅकगव्हर्न ५० पैकी ४९ राज्यांत हरले, तरी त्यांच्याच पक्षाचं तिथलं बहुमत टिकलं. वरचा पराभव खाली झिरपेलच असं नाही.

दुसरी मर्यादा आपल्या कामाची. त्यांनी 'टोकाचा' हे निवडणूक देणग्यांवरून, डाव्या-उजव्या पट्टीवर मोजलं. ती पट्टी उल्हासनगरला लावून बघा. पप्पू कलानी १९९० मध्ये काँग्रेसचे आमदार, १९९५ मध्ये तुरुंगातून अपक्ष. २०१४ मध्ये ज्योती कलानी राष्ट्रवादीच्या आमदार. २०१८ मध्ये पंचम कलानी भाजपच्या महापौर. पट्टीवर हे घराणं कुठे ठेवाल? इथे लोक विचारसरणीवरून कमी आणि एका आडनावावरून जास्त विभागतात. शब्द तोच, 'ध्रुवीकरण'; मोजायची वस्तू मात्र वेगळी. मी नेमका इथे घसरलो होतो.

तिसरी : आपल्याकडे प्रायमरी नाही, तिकीट नेते ठरवतात. मतदारयादीत पक्षही लिहिलेला नसतो. त्यामुळे ती नाणेफेकही नाही आणि 'कुणाचं मतदान' हे सरळ दाखवणारी यादीही नाही.

मग टपरीचा सिद्धान्त इथल्या निकालांवर तपासू. २०१४ मध्ये ज्योती कलानी भाजपच्या कुमार आयलानींना दोन हजारांहून कमी मतांनी हरवून जिंकल्या. लगेच 'कलानी फॅक्टर' म्हणू नका. त्या वेळी शिवसेना आणि भाजप वेगळे लढले होते. मतं फुटली म्हणून जागा गेली, की आडनावामुळे माणसं बाहेर आली? एका निकालावरून दोन्ही कहाण्या तितक्याच खऱ्या वाटतात. २०१९ मध्ये युती होती आणि आयलानी जिंकले, पण फरक पुन्हा दोनेक हजारांचाच. म्हणजे मतफुटीची कहाणीही एकटी पुरत नाही. १९९५ शी तुलना करायची तर २००८ च्या पुनर्रचनेने मतदारसंघाची हद्दच बदलली. शिवाय महापालिकेतले काही प्रभाग अंबरनाथ आणि कल्याण पूर्व मतदारसंघांत मोडतात. म्हणजे 'उल्हासनगरचं मतदान' हा आकडा अख्ख्या उल्हासनगरचा नसतोच.

म्हणून विषय सोडायचा का? नाही, लहान करायचा. फॉर्म २० मध्ये प्रत्येक मतदान केंद्रावर कुणाला किती मतं पडली ते मिळतं. ज्या केंद्रांची हद्द दोन निवडणुकांत बदललेली नाही, तेवढीच घ्या. आडनाव रिंगणात असताना आणि नसताना तिथे एकूण मतदान किती हललं आणि विरोधातली मतं किती हलली, ते शेजारी शेजारी मांडा. त्यातूनही माणसं कळणार नाहीत, केंद्रंच कळतील. हे प्रबंधात स्पष्ट लिहा. 'कुणाचं' याचं उत्तर हवं असेल तर शेवटी दारोदार जावंच लागतं. आणि जाल तेव्हा मत द्यायला न गेलेल्यांचं दारही वाजवा. टपरीवर त्यांच्याबद्दल कुणीच बोलत नाही.