चांद्रवसाहतीची रचना आणि तिचे कादंबरीरूप

विज्ञानकादंबरीतील चांद्रवसाहतीचा विचार करताना समीक्षा बहुधा तांत्रिक शक्याशक्यतेपाशी थांबते. वस्तुतः माणसाने दीर्घकाळ राहावे अशी वास्तू निर्वात प्रदेशात रचली, की तेथील श्वास कोणाच्या स्वाधीन, हा प्रश्न अटळ ठरतो. आणि तो कादंबरीचाच प्रश्न आहे.

अँडी वेअरच्या ‘आर्टेमिस’ (2017) या कादंबरीतील नगर जमिनीत अर्धे गाडलेल्या पाच गोलांचे आहे. प्रत्येकाचे कवच अ‍ॅल्युमिनिअमचे, दुहेरी. मध्ये मीटरभर जाडीचा चांद्रखडकांचा चुरा. आत शुद्ध प्राणवायू, परंतु पृथ्वीवरील हवेच्या सुमारे एकपंचमांश दाबाने. परिणामी पाणी 61 अंशांना उकळते आणि चहा त्याहून गरम होऊच शकत नाही. हा कोमट चहा वेअरच्या सामर्थ्याचे खरे गमक होय : अभियांत्रिकीचा एक निर्णय थेट जिभेपर्यंत पोचतो. ओझी वाहणारी नायिका जॅझ बशारा जमिनीखालच्या पंधराव्या मजल्यावर, जेमतेम आडवे होता येईल एवढ्या खणात राहते. वर्गभेदही असा वास्तूतूनच व्यक्त होतो. नगराचा प्राणवायू मात्र अ‍ॅल्युमिनिअम गाळणाऱ्या एकाच कंपनीकडून, फुकट विजेच्या मोबदल्यात मिळतो. येथे वेअर मर्मापाशी येतो आणि वळण घेतो. करारातील सत्तासंबंध घातपाताच्या रहस्यकथेत विरून जातात. रहिवासी बहुतांशी प्रेक्षकच राहतात.

रॉबर्ट हाइनलाइनच्या ‘द मून इज अ हार्श मिस्ट्रेस’ (1966) मध्ये भिंतींचे असे तपशील फारसे नाहीत. तेथील भुयारी वसाहत मुळात कैद्यांची. हवेचेही पैसे मोजावे लागतात. चंद्रावरील बर्फ खणून पाणी मिळवायचे, त्यावर गहू पिकवायचा आणि तो पृथ्वीकडे फेकायचा, असा तिचा व्यवहार. धान्याबरोबर पाणीही कायमचे जाते, परत काहीच येत नाही. बंदिस्त चक्राला पडलेले हे छिद्रच बंडाचे कारण बनते. वेअरकडे जे कथानकाचे निमित्त, ते हाइनलाइनकडे इतिहासाचे चालक तत्त्व आहे. (त्याचा बाजारपेठेवरील भाबडा विश्वास हा स्वतंत्र चर्चेचा विषय.) स्त्रियांची संख्या कमी असल्याने पिढ्यान्‌पिढ्या चालणारे सामूहिक विवाह तेथे रूढ झाले आहेत, निवेदक मॅनीचे डेव्हिस कुटुंब त्यांपैकीच एक, आणि त्याची शेतीही भुयारातच.