राजाच्या पाठीशी सूर्य

प्राचीन इजिप्तचा राजा तुतनखामुन याच्या सिंहासनाचे छायाचित्र पाहताना नजर आधी सोन्यावरच खिळते. ती तिथून सोडवून पाठीच्या फळीवर आणावी. राजा ऐसपैस बसला आहे, एक हात खुर्चीच्या पाठीवर सैल टाकलेला. समोर राणी अंखेसेनामुन किंचित झुकून उभी. एका हातात छोटे पात्र, दुसऱ्या हाताने ती त्याच्या अंगाला सुगंधी लेप लावते आहे. दोघांची कांती तांबड्या काचेची, केस निळे, वस्त्रे मात्र चांदीची. सगळीकडे सोन्याचा पत्रा असताना कारागिराने चांदी नेमकी वस्त्रांसाठी राखली, म्हणून ती अंगावरून झुळझुळत उतरल्यासारखी दिसतात. जडावकामातली इतकी हळुवार समज मी दुसऱ्या कुठल्या राजासनात पाहिलेली नाही.

या दोघांवर अतेनची सूर्यतबकडी आहे आणि तिच्या प्रत्येक किरणाच्या टोकाला इवलासा हात. आधी होऊन गेलेला राजा अखेनातेन याने बाकीच्या देवांना दूर सारून या एकाच सूर्याची उपासना चालवली होती. पुढे लहान वयात गादीवर आलेला हा राजा आधी तुतनखातेन होता; आमुन या जुन्या देवाची पूजा पुन्हा सुरू झाली आणि तो तुतनखामुन झाला. सिंहासनावर ही दोन्ही नावे आहेत. दरबाराने देव बदलला, राजाचे नाव बदलले, पण पाठीवरचा सूर्य कुणी खरवडला नाही. एवढी मोठी उलथापालथ शिलालेखांत विजयाच्या भाषेत येते. इथे लाकडावर तिची घालमेल दिसते.

बाकीची चिन्हे परंपरेतली. पुढे सिंहाची मुखे, खाली सिंहाचेच पंजे. हातांच्या जागी पंख पसरलेले नाग, डोक्यावर दोन्ही इजिप्तांचा जोडमुकुट, पंखांच्या आड राजाचे नाव. पायांमध्ये कमळ आणि पपायरसची गाठ होती, म्हणजे उत्तर-दक्षिण राज्यांची एकजूट. तिचा बराचसा भाग तुटून गेला आहे. शत्रूही आहेत, पण ते राजाच्या थडग्यातच सापडलेल्या पायचौकीवर, बांधलेले, राजाच्या तळव्याखाली. डोळ्यांपुढे प्रेम आणि पायांखाली दहशत, अशी ही वाटणी.

पुरातत्त्वज्ञ हॉवर्ड कार्टरला 1922 मध्ये हे थडगे आणि त्यात हे सिंहासन सापडले. कधी इजिप्तला गेलात, तर या आसनासमोरच थांबू नका. मागे वळसा घाला. तिथे पपायरसच्या झुडपातून पक्षी उडताहेत.