मोकळी जागा कुणाच्या नावावर?

आजचा विषय अमेरिकन फुटबॉलचा आहे. लंबगोल चेंडूचा, हेल्मेट घालून खेळायचा तो. त्यातला एकच प्रश्न घेऊ या. समोरचा संघ आपले खेळाडू मैदानभर पांगवून उभा राहिला, तर बचाव करणाऱ्यांनी कुठे उभं राहायचं? या पांगलेल्या मांडणीला ‘स्प्रेड’ म्हणतात. तिच्यावरचे उपाय सांगणारे तक्ते ढिगाने मिळतात, आणि माझी तक्रार त्या तक्त्यांबद्दलच आहे. माणूस कुठे उभा करायचा हे ते सांगतात. कोणती जागा सोडून द्यायची, हे मात्र सांगत नाहीत.

आधी हिशेब बघा. दोन्हीकडे ११ खेळाडू. स्प्रेडमध्ये आक्रमणाचे पाच लाइनमन मधे, मागे क्वार्टरबॅक आणि एक धावणारा, उरलेले चार रिसीव्हर बाहेर, समजा दोन डावीकडे आणि दोन उजवीकडे. बचावाचे दोन कॉर्नर कडेच्या रिसीव्हरांसमोर गेले, दोन सेफ्टी खोलवर राहिले. उरले सात. मधल्या पाच लाइनमनसमोर धाव रोखायची तर सहाजण हवेत. म्हणजे हातात राहिला एक. आणि आतल्या बाजूचे रिसीव्हर आहेत दोन!

आता कुणी म्हणेल, धाव रोखायला सहा पुरे झाले ना? जुन्या पद्धतीत पुरे व्हायचे, कारण चेंडू हाती दिला की क्वार्टरबॅकचं काम संपायचं. रिच रॉड्रिग्ज यांच्या नावाशी जोडलेल्या ‘झोन रीड’ने ते गणित मोडलं. बचावाच्या टोकाच्या माणसाला मुद्दाम कुणी अडवायचंच नाही. तो धावणाऱ्याच्या मागे गेला, तर क्वार्टरबॅक चेंडू स्वतःकडे ठेवून पळतो. थांबला, तर चेंडू धावणाऱ्याला देतो. एका माणसाला हात न लावता खेळातून बाद केलं. म्हणून ‘स्प्रेड म्हणजे पास, तेव्हा पास अडवणारे वाढवा’ हे समालोचनात ऐकू येणारं उत्तर अर्धवट आहे. बाहेर माणसं वाढवली की मधे खिंडार पडतं, आणि समोरच्याला तेच हवं असतं.

थोडक्यात, बचावातल्या कुणाला तरी दोन कामं करावीच लागतात. बहुतेक तक्त्यांत हा माणूस आतला रिसीव्हर आणि लाइन यांच्या मधोमध उभा असतो. धाव आली तर आत ये, पास आला तर बाहेर जा. कागदावर छान दिसतं. मैदानावर दोन्हींचा भास एकाच क्षणी होतो, आणि तो फसला की ‘पोरगं चुकलं’ म्हणून आपण मोकळे. चूक त्याची नसते. निर्णय प्रशिक्षकाने घ्यायचा होता, तो त्याच्या अंगावर ढकलला गेला.

दुसरी तक्रार उसनवारीची. मैदानाची रुंदी सगळीकडे १६० फूटच, पण चेंडू ठेवायच्या आतल्या खुणा वेगवेगळ्या. चेंडू त्या खुणेवर असताना एनएफएलमध्ये रुंद बाजू साधारण ८९ फूट आणि अरुंद ७१ फूट. कॉलेजात १०० आणि ६०. बहुतेक शाळांच्या मैदानात जवळजवळ १०७ आणि ५३, म्हणजे दुप्पट! एनएफएलचा दोन्ही बाजूंना सारखा तक्ता शाळेत आणून चिकटवला, की अरुंद बाजूला गर्दी होते आणि रुंद बाजूला एकटा माणूस शेत राखत बसतो.

मग चांगलं काम कुणी केलं? टीसीयूचे तेव्हाचे प्रशिक्षक गॅरी पॅटरसन यांनी. त्यांची मांडणी ४-२-५: पुढे चार, मागे दोन लाइनबॅकर, पाचजण पास अडवणारे. खरी गंमत आकड्यात नाही. त्यांनी पुढच्या सहांचं काम मागच्या पाचांपासून वेगळं केलं, आणि मागच्यांचंही डावं-उजवं वेगळं केलं. डावीकडे बदल झाला तर उजवीकडच्याने मान वळवायची गरज नाही. समोरचा संघ घाईघाईने खेळत असताना हे फार मोलाचं. शिवाय दुहेरी काम त्यांनी बरंचसं सेफ्टीकडे दिलं. आतला रिसीव्हर कुणाला अडवायला गेला तर सेफ्टी धावेवर येतो, सरळ खोल पळाला तर त्याच्याबरोबर जातो. तो मागे उभा असतो, म्हणून त्याला बघायला क्षणभर जास्त मिळतो.

याची किंमत काय? सेफ्टी आत गुंतला की कडेचा कॉर्नर एकटा पडतो. ११ ऑक्टोबर २०१४ ला बेलरविरुद्ध याच टीसीयूकडे शेवटच्या सत्रात ५८-३७ अशी आघाडी होती. सामना बेलरने ६१-५८ असा जिंकला. बेलर आपले रिसीव्हर अगदी कडेच्या रेषेपाशी उभे करायचं. अंतर वाढलं की मदतीला येणारा उशिरा पोहोचतो. म्हणून पॅटरसनना बाद ठरवायचं कारण नाही. सोडलेली जागा समोरच्याला कळली तर काय होतं, ते त्या दिवशी दिसलं, एवढंच.

आयोवा स्टेटने २०१७ मध्ये दुसरी वाट धरली. पुढे तीनच माणसं, मागे तीन सेफ्टी, मधला ना फार खोल ना फार जवळ. चेंडू सुटेपर्यंत कोण कुठलं काम करणार, ते क्वार्टरबॅकला कळू द्यायचं नाही. त्या ऑक्टोबरात त्यांनी ओक्लाहोमाला त्यांच्याच मैदानावर ३८-३१ असं हरवलं. इथेही किंमत आहेच. पुढे तीनच असले की क्वार्टरबॅकवर दाब कमी येतो, त्याला वेळ मिळतो. ३१ गुण झालेच की!

आपल्याला क्रिकेटमुळे हे समजायला सोपं जावं. नऊ क्षेत्ररक्षकांत सगळं मैदान झाकता येत नाही. मिडविकेट मोकळी ठेवली, तर कप्तान आणि गोलंदाज दोघांनाही ती का मोकळी आहे ते ठाऊक असतं. ठाऊक नसेल, तर ती नुसती भगदाड असते. बचावाचा कुठलाही तक्ता समोर आला की मी दोनच प्रश्न विचारतो. दुहेरी काम कुणाकडे आहे? आणि त्याला कुठलं आधी करायचं, हे सांगितलंय का? दुसऱ्याचं उत्तर नसेल, तर बाकीचे बाण आणि गोल कितीही सुबक काढलेले असोत, तो तक्ता अपुरा आहे.