पृष्ठमांडणीपूर्व फाइल आणि संहितेची विश्वासार्हता : एक चिकित्सा

बीजसंज्ञा : संहिता, अक्षरजुळणी, युनिकोड, फॉन्ट-रूपांतर, मुद्रितशोधन

प्रस्तावना :

ग्रंथनिर्मितीत लेखन, संपादन आणि मुद्रण असे तीन टप्पे मानण्याचा प्रघात आहे. संपादन आटोपले की संहिता डी.टी.पी. केंद्राकडे जाते. तेथून पुढचे काम तांत्रिक, म्हणून अभ्यासकाच्या कक्षेबाहेरचे, असे गृहीत धरले जाते. मराठी मजकुराच्या बाबतीत हे गृहीतक टिकत नाही. लेखकाची फाइल पृष्ठमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये आणताना अक्षरांच्या मुळाशी असलेली संकेतव्यवस्थाच अनेकदा बदलली जाते. तो बदल कोणी केला, कोणी तपासला आणि त्याची जबाबदारी कोणाची, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. विवेचनासाठी बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्री-पुरुष तुलना’ (१८८२) या ग्रंथाचे उदाहरण घेतले आहे.

दोन व्यवस्था, दोन प्रकारचे सत्य :

पेजमेकर हे सॉफ्टवेअर १९८५ मध्ये आले. त्याची शेवटची ७.० ही आवृत्ती २००१ ची. त्यात युनिकोड देवनागरीची सोय कधीच नव्हती. त्यामुळे मराठी मुद्रणाने श्रीलिपी, आकृती, कृतिदेव यांसारख्या फॉन्टांचा आश्रय घेतला. या फॉन्टांत संगणकाच्या लेखी मजकूर रोमन अक्षरांचा असतो, केवळ त्याचे चित्र देवनागरी असते. कृतिदेवमध्ये रोमन ‘डी’चे लहान रूप म्हणजे ‘क’ आणि मोठे रूप म्हणजे ‘क्’. वर्डमधील स्वयंदुरुस्तीने वाक्यारंभीचे अक्षर मोठे केले, तर पूर्ण ‘क’चा पाय मोडतो. शिवाय प्रत्येक कंपनीची संकेतयोजना वेगळी. १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून ‘इस्की’ निश्चित झाले आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्तीही आली. तरी छपाईचा व्यवहार फॉन्टांच्या या बेटांवरच दीर्घकाळ चालला.

युनिकोडमध्ये ‘स्त्री’ हा शब्द स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी अशा सहा संकेतांनी साठवला जातो. त्यांना जोडून जोडाक्षर दाखवणे हे सॉफ्टवेअरचे काम. इनडिझाइनमध्ये २०१२ च्या सी.एस. ६ आवृत्तीपासून ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ निवडल्यास हे काम नीट होते. तो न निवडता फाइल ‘प्लेस’ केली, तर जोडाक्षरे फुटतात, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे पडते आणि पान वाचवत नाही. ‘फाइल खराब आहे’ असा निष्कर्ष काढून मजकूर जुन्या फॉन्टमध्ये रूपांतरित केला जातो किंवा पुन्हा टंकलिखित होतो.

येथेच खरी मेख आहे. पहिल्या स्थितीत मजकूर निर्दोष असून सदोष दिसतो. दुसऱ्या स्थितीत तो निर्दोष दिसतो, पण आतून मराठी राहत नाही. डोळ्यांना पटणाऱ्या पानासाठी खरी संहिता टाकून दिली जाते, आणि या निर्णयाची नोंद कोठेही राहत नाही.

रूपांतरातील अर्थहानी :

रूपांतर निर्धोक असते तर आक्षेपाचे कारण नव्हते. मराठीचा खास ‘ऱ्य’ अनेकदा ‘र्य’ होतो. बुलढाणा जिल्ह्यावरील भूगोलाच्या लेखातील अजिंठा डोंगररांगेच्या ‘दऱ्या’ अशा वेळी ‘दर्या’ होतात, आणि शब्द अर्थपूर्णच राहिल्यामुळे मुद्रितशोधकाची नजरही त्यावर अडखळत नाही. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ मध्ये मिळाले. त्यापूर्वीच्या फॉन्टांत त्याच्या जागी चौकोन उमटू शकतो. पेजमेकरमध्ये तळटिपांची स्वतंत्र सोय नव्हती; इनडिझाइनमध्ये ती २००५ च्या सी.एस. २ आवृत्तीत आली. शोधनिबंधाची तळटीप मूळ विधानापासून तुटणे म्हणजे पुराव्याचा दुवा तुटणे होय.

जुन्या ग्रंथांच्या बाबतीत हानी अधिक गंभीर ठरते. ‘स्त्री-पुरुष तुलना’ पुण्यात छापली गेली आणि स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ती पुन्हा वाचकांसमोर आणली. मूळ पुस्तक १९६२ च्या लेखननियमांपूर्वीचे. त्या काळच्या लेखनात ‘तें’ हे नपुंसकलिंगी एकवचन आणि ‘ते’ हे पुल्लिंगी अनेकवचन असा भेद अनुस्वाराने दाखवला जाई. ‘तीं’ आणि ‘ती’ यांचेही तसेच. आयात केलेल्या फाइलवर ‘शोधा आणि बदला’ ही आज्ञा सरसकट चालवली, की हे अनुस्वार क्षणात पुसले जातात. स्त्री आणि पुरुष यांच्या तुलनेचाच विषय असलेल्या ग्रंथात लिंगवचनाच्या खुणा नाहीशा होणे किरकोळ मानता येणार नाही. अनुस्वार ठेवावेत की काढावेत, हा संपादकाने सकारण घ्यावयाचा निर्णय आहे.

आक्षेप आणि त्याची मर्यादा :

जुनी व्यवस्था टिकण्यामागे कारणे आहेत, हे मान्य केले पाहिजे. रेमिंग्टन कळफलकावर बसलेला हात, जुने संगणक, शीर्षकांसाठी हवे असलेले अक्षरवैविध्य आणि अंक वेळेत काढण्याची निकड ही कारणे खरी आहेत. तथापि रेमिंग्टन कळफलक आता युनिकोडसाठीही उपलब्ध आहे, ‘मुक्त’, ‘बलू’ यांसारखे मुक्त परवान्याचे देवनागरी फॉन्ट आहेत आणि स्क्रायबस हे विनामूल्य सॉफ्टवेअरही देवनागरी हाताळू शकते. अडचण साधनांपेक्षा सवयीची अधिक आहे. तिचा दोष केवळ अक्षरजुळणी करणाऱ्याच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. कारण काय जपायचे हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

याची किंमत मात्र अभ्यासक मोजतो. जुन्या फॉन्टमधील पीडीएफमध्ये ‘ताराबाई शिंदे’ हे नाव शोधले तर सापडत नाही. अशा मजकुराची वाङ्मयचौर्य-तपासणीही निरर्थक ठरते. छापलेला लेख असूनही पुढच्या संशोधकासाठी तो नसल्यासारखाच होतो.

निष्कर्ष :

१. फाइल आयात करणे ही संपादकीय कृती आहे. तिची जबाबदारी संपादक मंडळाने स्वीकारावी.

२. लेखकांकडून युनिकोडमधील, शैलीनामे नेमलेली वर्ड फाइल घ्यावी. छायाचित्रे व नकाशे वर्डमध्ये न चिकटवता स्वतंत्र, मूळ आकारात घ्यावेत.

३. मुद्रितशोधन पानावर मजकूर बसवल्यानंतर आणि मूळ प्रतीशी ताडून करावे. ‘ऱ्य’, ‘ॲ’, रफार, ऱ्हस्व वेलांटी व तळटिपांचे क्रमांक यांची स्वतंत्र तपासणी व्हावी.

४. युनिकोड पीडीएफमधूनही मजकूर नेहमी अचूक उतरत नाही; म्हणून अंतिम दुरुस्त्यांसह युनिकोड फाइल ग्रंथालयात जतन करावी.

खिळे जुळवण्याच्या काळात चूक कागदावर दिसत असे आणि शुद्धिपत्रात तिची कबुली दिली जाई. आजची चूक देखण्या पानाआड राहते. ती शोधण्याची सवय लागेपर्यंत महाविद्यालयीन प्रकाशनांची संहिता पूर्णपणे विश्वासार्ह म्हणता येणार नाही.