मराठी स्त्रियांचा अश्वारोहणाचा वेष : दोन प्रचलित समजुतींची छाननी

सिंदखेड राजा व देऊळगांव राजा हीं गांवें एकमेकांपासून आठ-दहा मैलांवर आहेत. पहिलें लखुजी जाधवरावांचें ठाणें व जिजाबाईंचें जन्मस्थान म्हणून प्रसिद्ध आहे. दुसरें त्याच घराण्याच्या शाखेच्या आश्रयानें वाढलें व बालाजीच्या संस्थानामुळें वऱ्हाड-मराठवाड्यांत सर्वांस ठाऊक झालें. या टापूंत, किंबहुना सबंध महाराष्ट्रांत, उत्सवाच्या मिरवणुकींत घोड्यावर बसलेली, लुगड्याचा कासोटा घातलेली व डोक्यास फेटा बांधलेली मुलगी आतां नित्य दृष्टीस पडते. पाहणारा तिला जिजाबाई समजतो किंवा झांशीची राणी समजतो. वेष दोघींचाहि एकच. मिरवणूक ही मिरवणूकच असते, तिजकडे आधार मागण्याचें कारण नाहीं. परंतु मिरवणुकींतील वेष हळूहळू चित्रांत उतरतो, चित्रांतून शालेय वाचनांत जातो, आणि पुढें कोणी तरी तोच पुरावा म्हणून आमच्यापुढें ठेवतो. म्हणून या वेषाविषयीं साधनें काय सांगतात तें एकदां नीट तपासणें अवश्य झालें आहे.

प्रचलित समजुती दोन आहेत व त्या परस्परविरुद्ध आहेत. एक अशी कीं, नऊवारी लुगडें हें मराठ्यांच्या लढाऊ स्त्रियांनीं घोड्यावर मांड टाकतां यावी एवढ्यासाठींच योजिलें. दुसरी अशी कीं, मराठी स्त्री घोड्यावर बसली म्हणजे पायजमा, अंगरखा असा पुरुषवेष करीत असे, आणि लुगड्यांतील स्वारी ही चित्रकारांची कल्पना होय. पहिल्या मताचे लोक अभिमानानें बोलतात, दुसऱ्या मताचे चिकित्सकपणाचा आव आणून बोलतात. आमच्या मतें दोघेहि साधनांच्या पलीकडे गेले आहेत.

पहिल्या मताचा निकाल लावण्यास फार श्रम नकोत. कासोट्याचें लुगडें समुद्रकांठच्या कोळिणी नेसतात, शेतांत खुरपणाऱ्या कुणबिणी नेसतात, आणि सोंवळ्यांत स्वयंपाक करणाऱ्या भटांच्या बायकाहि नेसत. यांपैकीं कोणाच्या घरीं घोडा होता? तमिळ देशांतील ब्राह्मण स्त्रियांचें ‘मडिसार’ हेंहि लांब लुगड्याचें सकच्छ नेसणेंच आहे, आणि त्यांच्या अश्वारोहणाची गोष्ट कोणी ऐकलेली नाहीं. एखादें वस्त्र एखाद्या कामास सोयीचें पडणें व तें त्या कामासाठीं उत्पन्न होणें या दोन गोष्टी भिन्न आहेत. लुगडें घोड्यासाठीं निर्माण झालें नाहीं. घोडा आला तेव्हां लुगडें तयार होतें, एवढेंच म्हणतां येतें. पण हें ‘एवढेंच’ क्षुल्लक नव्हे, हें पुढें दिसून येईल.

दुसरें मत अधिक सावधपणें पाहिलें पाहिजे, कारण त्याच्या पाठीशीं एक नामांकित मराठी ग्रंथ उभा करण्यांत येतो. तो म्हणजे वरसईच्या विष्णुभट गोडशांचा ‘माझा प्रवास’. गोडसे भटजी १८५८ च्या वेढ्याच्या वेळीं झांशींत होते, व त्यांनीं हें वृत्त १८८३ च्या सुमारास, म्हणजे जवळजवळ पंचवीस वर्षांनीं लिहिलें. संग्राहकांस हें सांगावयास नकोच कीं, चिंतामणराव वैद्यांनीं १९०७ सालीं तें छापिलें तें मूळ भाषेंत व मजकुरांत फेरफार करून. मूळ हस्तलिखितावरून केलेली दत्तो वामन पोतदारांची आवृत्ति १९६६ सालीं निघाली. असें असतां वेषासारख्या बारीक तपशिलासाठीं अद्यापि वैद्यांच्या प्रतीवरून उतारे देण्याची रीत चालू आहे, ती टाकून दिली पाहिजे. जेथें एकेका शब्दावर निर्णय अवलंबून असतो तेथें संस्कारित प्रत उपयोगाची नाहीं.

आतां भटजी सांगतात काय? लक्ष्मीबाईसाहेब पुष्कळदां पुरुषवेष करीत. त्या वेळीं पायांत पायजमा, अंगांत जांभळ्या रंगाचें वस्त्र, डोकीस टोपी व तीवर पागोट्यासारखें बांधलेलें वस्त्र, कमरेस दुपेटा व त्यांत तरवार असे. कधीं स्त्रीवेषहि असे, व तेव्हां पांढरें पातळ व मोजकेच दागिने असत. हें वर्णन स्वारीच्या वेषाचें म्हणून सर्रास उद्धृत होतें. परंतु प्रकरण कोणतें चाललें आहे हें पाहण्याची तसदी उद्धृत करणारांपैकीं थोड्यांनींच घेतलेली दिसते. हा मजकूर तिसऱ्या प्रहरीं बाईसाहेब कचेरीस येऊन बसत त्या संबंधाचा आहे. येथें घोडा नाहीं, गादी व तक्क्या आहे. ज्या विधवा राणीस दत्तकाच्या नांवें राज्य चालवावयाचें होतें, तिनें न्यायनिवाड्यास बसतांना राजाचा वेष करावा यांत अर्थ आहे. पण तो अर्थ सत्तेचा आहे, खोगिराचा नाहीं.

त्याच ग्रंथांत राणीसाहेबांच्या वेषाचा दुसरा उल्लेख काल्पीकडील वाटेवरचा आहे. भटजींस त्या एका विहिरीपाशीं अकस्मात् भेटल्या, तेव्हां अंगावर पठाणी पोशाख होता व सर्वांग धुळीनें भरलें होतें. ही मात्र खरोखर स्वारीची हकीकत आहे. परंतु ही रणांतून निसटून दौड करणाऱ्या, शत्रु ज्यांचा शोध करीत आहे अशा स्त्रीची स्वारी होय. येथें वेषाचें काम ओळख झांकण्याचें आहे. पुढें जून १८५८ मध्यें ग्वाल्हेरीजवळ त्या पडल्या तेव्हां स्वाराच्या पोशाखांत होत्या असें इंग्रजी लष्करी वृत्तांत म्हणतात, तेंहि याच मालिकेंतील. रणांगणावरील वेषावरून रोजच्या रपेटीचा वेष ठरविणें म्हणजे चिलखतावरून गृहस्थाचा घरचा अंगरखा ठरविण्यासारखें आहे.

मग निव्वळ अश्वारोहणाचा, रणाशीं किंवा गादीशीं संबंध नसलेला, प्रत्यक्ष पाहिलेला पुरावा कोठें आहे? तो एका इंग्रज बाईनें लिहून ठेवला आहे. फॅनी पार्क्स हिचें प्रवासवृत्त १८५० सालीं लंडनमध्यें दोन भागांत छापलें गेलें. दौलतराव शिंद्यांच्या विधवा पत्नी बायजाबाई या १८३३ मध्यें ग्वाल्हेरींतून निघावें लागल्यावर गंगेकांठीं फत्तेगड येथें होत्या. तेथें १८३५ सालीं पार्क्सबाईंचें जाणें-येणें झालें. पार्क्स ही स्वतः चांगली घोडेस्वार, हिंदुस्थानी भाषा जाणणारी, आणि स्त्री असल्यामुळें जनान्यांत शिरकाव असलेली. पुरुष प्रवाशांस जें कधींच दिसलें नसतें तें तिनें पाहिलें. बायजाबाईंची नात गजराजा ही तेथें घोड्यावर बसे, आणि ती दोन्ही बाजूंस पाय टाकून, म्हणजे पुरी मांड घालून बसे. पार्क्सबाईंची एकांगी बैठक पाहून दरबारच्या स्त्रियांस मोठी मौज वाटली. सगळा भार एका बाजूस टाकून हें वांकडें बसणें कसलें, असा त्यांचा भाव. पार्क्सनें मराठी तऱ्हेनें बसून पाहिलें, ती बैठक तिला अत्यंत सुरक्षित वाटली, आणि स्त्रियांच्या बसण्याची रीत बदलल्याबद्दल तिनें एलिझाबेथ राणीस दोष दिला. (हा दोष अस्थानीं आहे. विलायतेंत एकांगी बैठकीचा संबंध परंपरेनें चौदाव्या शतकांतील बोहीमियाच्या ॲनशीं जोडतात. एलिझाबेथ पुष्कळ नंतरची.)

आमच्या विषयास महत्त्वाचें तें तिनें केलेलें वस्त्राचें वर्णन. ती म्हणते, मराठी पोशाख दोनच वस्त्रांचा: कोपरापर्यंत घट्ट बाह्यांची चोळी, व वीस यार्डांहूनहि लांब असें रेशमी वस्त्र. तें कमरेभोंवतीं परकरासारखें गुंडाळून त्याचा एक भाग दोन्ही पायांमधून मागें नेऊन खोंवतात, आणि त्यामुळें परकर व विजार या दोहोंचें काम एकच वस्त्र करतें. हें लिहिणारी बाई तुलना करण्यास सर्वस्वीं अधिकारी होती. तिच्या देशांतील स्त्रियांचा स्वारीचा पोशाख अर्धा पुरुषाचा व अर्धा स्त्रीचा. वर पुरुषी कोट, खालीं पायघोळ झगा, आणि तो झगा एका बाजूस सोडावयाचा म्हणून बसणेंहि एका बाजूस. १६६६ सालीं सॅम्युअल पीप्स यानें आपल्या रोजनिशींत राजवाड्यांतील स्त्रिया वरून पुरुषांसारख्या दिसतात व झग्यामुळेंच ओळखूं येतात अशी तक्रार नोंदविली आहे. विलायती स्त्रीस घोड्यासाठीं निराळा पोशाख शिवावा लागला; मराठी स्त्रीस लागला नाहीं. पार्क्सच्या साक्षीचें सार तें हें.

तिच्या साक्षींतील एक आंकडा मात्र खटकतो. वीस यार्ड लांबीचें लुगडें कोण नेसणार? यावरून तिला अतिशयोक्तीची संवय होती असें म्हणून सबंध वर्णन बाजूस सारण्याची घाई करूं नये. आमचें लुगडें नऊ वारांचें, म्हणजे अठरा हातांचें. जनान्यांतील स्त्रियांनीं तिला माप सांगितलें असेल तें हातांत, आणि तिनें किंवा मध्यें बोलणाऱ्या दासीनें हात या शब्दाचा यार्ड केला असेल, तर ‘वीस’ ही संख्या चुकीची न राहतां आमच्या लुगड्याशीं जवळजवळ जुळते. हा आमचा तर्क आहे. पण असा तर्क साक्षीस दुबळी न करतां बळकटी देतो, कारण ऐकलेला आंकडाच तिनें टिपला असें त्यावरून दिसतें.

लुगड्याची ही सोय कशांत आहे हें खोगिरावर बसणारास सहज कळेल. कासोट्यामुळें मांड्या एकमेकींपासून सुट्या होतात, आणि मांडी व खोगीर यांमध्यें कापडाचे अनेक पदर येतात. लांब दौडींत कातडें सोलवटत नाहीं. उलट ओच्याच्या निऱ्या सैल राहिल्या तर त्या रिकिबींत अडकतील, म्हणून त्या वर खोंवल्या पाहिजेत; व पदर खांद्यावरून घेऊन कमरेस आवळला पाहिजे, नाहीं तर तो वाऱ्यानें घोड्याच्या डोळ्यांवर यावयाचा. आधुनिक चित्रांत व पुतळ्यांत पदर ध्वजासारखा मागें फडकत असतो. शोभेस तो छान दिसतो, स्वारीस अडचणीचा.

गजराजेची घोडेस्वारी एकट्या शिंद्यांच्या वाड्यांतली हौस होती असेंहि समजूं नये. सर जॉन माल्कमनें मध्य हिंदुस्थानाविषयींच्या १८२३ च्या ग्रंथांत होळकरांच्या तुळसाबाईसंबंधीं लिहितांना ती घोड्यावर डौलानें बसे व स्वारीच्या वेळीं दरबारच्या प्रतिष्ठित घराण्यांतील स्त्रियांचा मोठा परिवार तिजबरोबर असे, असें सांगितलें आहे. तुळसाबाईचा डिसेंबर १८१७ मध्यें महिदपुराजवळ क्षिप्रेकांठीं शिरच्छेद झाला. तेव्हां ही गोष्ट पार्क्सच्या वीस वर्षें आधींची. इतक्या स्त्रिया नित्य पुरुषवेष करून बाहेर पडत असत्या तर तें माल्कमसारख्याच्या लेखणींतून सुटणें कठीण होतें.

बायजाबाई स्वतः आसईच्या लढाईंत घोड्यावर होत्या अशी आख्यायिका आहे. आसईचें मैदान देऊळगांव राजापासून वायव्येस अदमासें वीस मैलांवर, म्हणून आमच्या भागांतील लोकांस ही कथा विशेष प्रिय. २३ सप्टेंबर १८०३ च्या लढाईची ही हकीकत मागाहून सांगितलेली आहे. बायजाबाई उत्तम स्वार होत्या एवढ्यापुरती ती ग्राह्य, रणवृत्तांत म्हणून नव्हे.

चांदबिबीच्या चित्रांविषयीं दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण तीं वारंवार पुढें केलीं जातात. घोड्यावर बसून हातावर ससाणा घेतलेली चांदबिबी हा दख्खनी चित्रकारांचा आवडता विषय होता व त्याच्या कित्येक प्रती निरनिराळ्या संग्रहालयांत आहेत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयांतील प्रत सुमारें १७०० सालची मानतात. चांदबिबी सोळाव्या शतकाच्या अखेरीसच मारली गेली. शंभर वर्षांनंतरचें चित्र तिच्या वेषाचा पुरावा होऊं शकत नाहीं. चित्रकाराच्या काळीं दख्खनच्या मुसलमानी दरबारांत स्त्री कशी बसे व काय घाली, याचा मात्र होतो. त्या चित्रांत लांब झग्याखालीं इजार आहे व बैठक पुऱ्या मांडीची आहे. पण इजार हें तेथील स्त्रियांचें रोजचेंच वस्त्र. त्यांच्या दृष्टीनें तो पुरुषवेष नव्हताच. पायजमा दिसला कीं पुरुषवेष म्हणावयाचें हा आमच्याकडील भटजींचा दृष्टिकोन आहे, व तो झांशीपुरता बरोबर असला तरी अहमदनगर-विजापुरास लागू करतां येत नाहीं. एकच वस्त्र एका दरबारांत बायकी व दुसऱ्यांत मर्दानी ठरतें, हें ध्यानांत न घेतल्यामुळें पुष्कळ घोटाळा झाला आहे.

जिजाबाईंचें समकालीन चित्र उपलब्ध नाहीं. उत्तरकालीन बखरींत जाधवराव पाठीवर असतां शहाजीराजांबरोबर त्या घोड्यावरून चालल्या होत्या व गरोदरपणामुळें पुढील दौड न झेपल्यानें मागें राहिल्या, अशी परंपरा येते. बखरकारास स्त्रीच्या घोड्यावर बसण्यांत कांहींच नवल वाटलेलें नाहीं. नवल वाटलें तें बापलेकीच्या भेटीचें. वेष त्यानें सांगितला नाहीं, कारण सांगण्याजोगें निराळें कांहीं नव्हतें असें आम्हांस वाटतें. तेव्हां मिरवणुकींतील मुलीच्या अंगावरचें लुगडें आम्ही मान्य करितों. फेटा मात्र आमच्या काळाचा आहे; १९९९ पासून डोंबिवलीहून पसरलेल्या वर्षप्रतिपदेच्या शोभायात्रांत तो दुचाकीवरील मुलींच्याहि डोक्यांवर चढला, आणि आतां तो उलटा सतराव्या शतकांत जाऊन बसला आहे.

जाधवांच्या शाखांचे व त्यांच्या कारकुनांचे रुमाल देऊळगांव राजा, सिंदखेड, मेहकर या बाजूस ज्यांच्या घरीं असतील त्यांना एक विनंति आहे. जामदारखान्याचे व पागेचे हिशेब निरनिराळ्या बंदांत असतात, आणि संग्राहक सनदा काढून घेऊन हिशेब रद्दींत घालतात. तसें करूं नये. लुगड्यांची खरेदी हातांच्या मापानें लिहिली आहे कीं काय, वाड्यांतील बायकांच्या नांवें खोगीर, रिकिबी किंवा लगाम खर्ची पडले आहेत कीं काय, आणि त्याच महिन्यांत त्यांच्या नांवें चोळणा, इजार किंवा तुमान शिवल्याची शिंप्याची मजुरी आहे कीं काय, हें तीन ठिकाणीं पाहावें. शिंप्याची मजुरी सांपडली तर वरील विवेचनास तेवढ्यापुरता बाध येईल, व तो कागद आम्ही आनंदानें छापूं.