ख्रिस्त, निसर्ग आणि इतिहास : मोल्टमान यांच्या मांडणीची चिकित्सा

विसाव्या शतकातील प्रोटेस्टंट ईश्वरविज्ञानात ख्रिस्ताचा विचार प्रामुख्याने इतिहासाच्या संदर्भात झाला. निसर्ग हा मानवी तारणकथेची केवळ रंगभूमी ठरला. यामागे निव्वळ उदासीनता नव्हती. १९३४ साली एमिल ब्रुनर यांनी ‘निसर्ग आणि कृपा’ या पुस्तिकेत सृष्टीतूनही ईश्वराचे काही ज्ञान संभवते, असे प्रतिपादन केले. कार्ल बार्थ यांनी त्याला ‘नाही!’ या शीर्षकानेच उत्तर दिले. वंश आणि भूमी यांना ईश्वरी व्यवस्था मानणाऱ्या नाझीसमर्थक ‘जर्मन ख्रिस्ती’ गटाच्या पार्श्वभूमीवर हा नकार आवश्यक होता. परंतु त्याची किंमत निसर्गविचाराला मोजावी लागली.

१९६१ साली नवी दिल्ली येथील जागतिक चर्च परिषदेच्या तिसऱ्या अधिवेशनात अमेरिकन ल्यूथरन विचारवंत जोसेफ सिट्लर यांनी ही उणीव दाखवून दिली. कलस्सैकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायाच्या आधारे त्यांनी ख्रिस्ताच्या तारणाची व्याप्ती समस्त सृष्टीपर्यंत नेली. निसर्गाकडे जाण्याचा त्यांचा मार्ग ख्रिस्तातूनच जात असल्याने बार्थ यांचा मूळ आक्षेप त्यांना सहजासहजी लागू पडत नाही.

युर्गेन मोल्टमान यांनी ‘येशू ख्रिस्ताचा मार्ग’ (१९८९) या ग्रंथात हा विचार पुढे नेला. कॅथलिक विचारवंत तेयार द शार्दँ यांनी ख्रिस्ताला उत्क्रांतीचे अंतिम लक्ष्य मानले होते. मोल्टमान विचारतात, उत्क्रांतीच्या वाटेवर चिरडल्या गेलेल्या जीवांचे काय? त्यांच्या मते ख्रिस्त हा उत्क्रांतीचा केवळ कळस नसून तिच्या बळींचा तारक आहे. वधस्तंभाचा अर्थ येथे मानवेतर सृष्टीच्या वेदनेपर्यंत विस्तारतो. हे या मांडणीचे मोठे बलस्थान होय.

तथापि एक प्रश्न शिल्लक राहतो. ‘बळी’, ‘न्याय’, ‘आशा’ या संकल्पना मानवी इतिहासातून आलेल्या आहेत. वाघाने हरीण मारणे आणि सत्तेने माणूस मारणे, या घटना एकाच अर्थाने ‘अन्याय’ ठरतात काय? तसे मानल्यास निसर्गाला प्रतिष्ठा लाभते खरी. पण इतिहासाची वस्त्रे परिधान केल्यावरच. शिवाय अन्यायाला जबाबदार कोण, हा नैतिक प्रश्नही त्यामुळे धूसर होण्याचा धोका संभवतो.

सारांश, मोल्टमान यांनी निसर्गाला तारणाच्या कक्षेत आणले, परंतु इतिहासाचे वर्चस्व पूर्णतः दूर केले नाही. निसर्गाचे वेगळेपण अबाधित ठेवून ख्रिस्ताशी असलेले त्याचे नाते मांडणे, हे कार्य अद्याप अपूर्ण आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.